छंदाच्या भावात घेतलेलं नाणं विकताना

नाणी जमवणाऱ्यांच्या आमच्या रविवारच्या बैठकीला दोन-तीन महिन्यांपासून एक मुलगा येतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा निघताना त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्ही मला दोनशेला दिलेली शिवराई एक जण सहाशेला मागतोय. विकली तर तुम्हाला राग येईल का?"

राग कसला यायचा? त्याने विचारलं याचंच मला फार बरं वाटलं. २०१३ साली माझ्यावर अशीच वेळ आली होती, तेव्हा मी कुणाला विचारलं नव्हतं. जिन्यात उभ्या उभ्या त्याला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहिते. आपल्यासारख्याच छंदी माणसाकडून स्वस्तात घेतलेलं नाणं पुढे विकायचं झालं तर कसं वागावं, ते मला चुकूनमाकून जसं उमगलं तसं सांगते. नाण्यांच्या जागी तुम्ही तिकिटं, जुनी पेनं, ध्वनिमुद्रिका काहीही धरा, फारसा फरक पडणार नाही.

तो १९११ चा रुपया

मी एकतीस वर्षं बँकेत कॅशियर होते. नाण्यांचा नाद काउंटरवरच लागला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. त्याआधीच्या आठवड्यांत लोक पिशव्या भरून चिल्लर बदलायला आणत. गेंड्याचे चार आणे, फुलासारख्या कडेचे दोन पैसे, कमळाचे पिवळे वीस पैसे. आवडलेलं नाणं मी बाजूला काढायची, ऑफिसरना दाखवायची आणि तेवढेच पैसे माझ्या पर्समधून गल्ल्यात टाकायची. काउंटरवर हिशोब इतका स्वच्छ ठेवणाऱ्या मला बैठकीत मात्र तो ठेवता आला नाही.

आमच्या गटात एक काका आहेत. गोळा करतात ती फक्त शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असलेलं ते तांब्याचं नाणं तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच. काका हातात घेताच सांगतात की ही जुनी घडण आहे की मधे दोन आडव्या रेघा असलेली नंतरची दुदांडी. 'शिव'च्या जागी 'सिव' असेल तर त्यांचा चेहरा उजळतो. पण इंग्रजी अमदानीतल्या रुपयांकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. आजोबांच्या पेटीतून आलेले बावीस राजाछाप रुपये त्यांच्याकडे होते. घराला रंग काढायचा होता, म्हणून ते विकायचं ठरलं. मला म्हणाले, "सराफाकडे नेले तर तो आटवून टाकेल. तुझ्याकडे राहतील तरी. चांदीच्या भावात घे."

नगाला साडेचारशे ठरले. प्रत्येक रुपया जुन्या वहीच्या कागदाच्या छोट्या पाकिटात होता आणि पाकिटावर काकांचं बारीक, तिरकं अक्षर. पाचव्या पाकिटावर लिहिलं होतं, 'पंचम जॉर्ज, १९११, आजोबांच्या पेटीतला.' साल त्यांना ठाऊक होतं. त्या सालाचा अर्थ फक्त मला ठाऊक होता.

१९११ च्या रुपयावर राजाच्या अंगरख्यावर जी साखळी आहे, तिच्यात एक चिमुकला हत्ती कोरलेला आहे. त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला आणि मुसलमानांनी त्याला हरकत घेतली. १९१२ मध्ये टांकसाळीने हत्ती सुधारला, सोंड आणि कान नीट दिसू लागले. १९११ चे बरेचसे रुपये परत वितळवले गेले. म्हणून संग्राहक त्याला 'पिग रुपी' म्हणतात आणि इतर सालांपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजतात. मी तिथे बसूनच पर्समधलं दहापटीचं भिंग काढलं, त्या साखळीवर बघितलं, तोच आखूड नाकाचा प्राणी. भिंग मिटलं, पाकीट इतर पाकिटांत सरकवलं आणि नऊ हजार नऊशे रुपये मोजून दिले. तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

चार महिन्यांनी एका प्रदर्शनात तो रुपया मी एका व्यापाऱ्याला तीन हजारांना दिला, पाकिटासकट. पुढच्याच महिन्यात आमच्यातल्या एकाने त्याच व्यापाऱ्याकडून तो विकत घेतला आणि मोठ्या आनंदाने बैठकीत आणला. पाकीट हातोहात फिरत काकांपाशी आलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, म्हणाले, "हे माझं अक्षर आहे," आणि पुढच्याकडे दिलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

कुठला भाव मिळतोय ते ओळखा

एकाच नाण्याला तीन भाव असतात. पहिला सराफाचा. तो नुसत्या धातूचा. राणीछाप किंवा राजाछाप रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. (१९४० पासूनच्या रुपयात ती निम्म्यावर आली. १९४५ चा रुपया जुन्या रुपयाच्या भावात कुणी देत-घेत असेल तर तिथेच थांबवा, मग चूक तुमची असो की त्याची.) दुसरा भाव व्यापाऱ्याचा. त्यात त्याचं भाडं, प्रदर्शनातल्या टेबलाचे पैसे, अडकून पडलेलं भांडवल सगळं येतं. तिसरा छंदाचा. तो एक संग्राहक दुसऱ्याला देतो आणि त्यात न बोललेली एक अट असते, की हे तुझ्याकडे राहणार.

काकांनी मला लावला तो हा तिसरा भाव होता. "तुझ्याकडे राहतील तरी" हे त्यांनी तोंडाने म्हटलं होतं. सगळे असं म्हणत नाहीत, पण खुणा असतात. समोरचा घासाघीस करत नाही. कुणाकडून आलं, कधी आलं हे सांगत बसतो. "तुझ्या सेटमध्ये हेच साल नव्हतं ना?" असं विचारतो. पाकिटावरचं स्वतःचं लिखाण खोडत नाही. यातली एक जरी खूण दिसली तरी समजा की तुम्हाला मिळणारी सूट तुमच्या गिऱ्हाइकासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी तांब्याच्या नाण्यांचे ढीग मांडलेले असतात. पन्नास दुदांडींमधून वेगळ्या घडणीची एक शिवराई तुमच्या नजरेने उचलली आणि ढिगाच्याच भावात घेतली, तर त्यात काही वावगं नाही. त्याचा तो धंदा आहे, वेळ असता तर त्यानेही निवडली असती. निवडायचं नाही असं त्यानेच ठरवून ढिगाचा भाव लावला आहे. तिथे तुमची नजर ही तुमची कमाई. पण तोच ढीग एखाद्या मित्राच्या घरी, त्याने चहा टाकलेला असताना तुमच्यापुढे आला, तर तो बाजारचा ढीग राहत नाही.

घेतानाच बोलून टाका

विकताना होणारी निम्मी भांडणं घेताना न बोललेल्या एका वाक्याची असतात. ते वाक्य मी आता तोंडपाठ केलं आहे: "काका, हे मी माझ्यासाठी घेत नाही, पुढे विकायला घेतेय. तसा भाव सांगा." हे म्हटल्यावर समोरचा भाव वाढवतो, कधी नाही म्हणतो, बऱ्याचदा आहे त्याच भावात देतो. तिन्ही चालतील. पण नंतर ते नाणं कुणाच्या विक्रीच्या ट्रेमध्ये दिसलं तर त्याला फसवल्यासारखं वाटणार नाही.

त्याला माहीत नसलेलं काही तुम्हाला माहीत असेल तर काय करायचं? इथेच खरी परीक्षा आहे, आणि यावर आमच्या बैठकीत आजही एकमत नाही. काही जण म्हणतात, मी वीस वर्षं कॅटलॉग वाचले, पैसे घालवले, खोटी नाणी घेऊन हात पोळून घेतले. ते ज्ञान फुकट का वाटू? मला ही तक्रार खोटी वाटत नाही. पण ज्ञानाचं मोल मागण्याचा रस्ता वेगळा आहे. "यातला एक रुपया तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच जास्त मोलाचा आहे. मला द्यायचा असेल तर हजार जास्त देते, नको असेल तर कुठे विकायचा ते सांगते," असं म्हणता येतं. मी तेव्हा असं म्हणाले असते तर काकांनी तो मलाच दिला असता याची मला आज खात्री आहे.

हा नियम मी सगळ्यांना सारखा लावत नाही. गटातल्या जाणत्या माणसाशी बोलताना मी शंभर-दोनशेच्या फरकासाठी तोंड उघडत नाही, तोही उघडत नाही. कधी त्याला फायदा होतो, कधी मला. फरक कितीतरी पटींचा असेल, किंवा समोरच्याचा तो विषयच नसेल, तर मात्र बोलायलाच हवं.

अदलाबदलीलाही हेच लागू. पैसे फिरत नाहीत म्हणून कुणी फसत नाही असं नाही.

संग्राहक गेल्यावर घरचे बोलावतात तेव्हा

हे सगळ्यात अवघड काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमच्या गटातले एक जण गेले. त्यांच्या पत्नीने तेराव्यानंतर आठवडाभरात फोन केला, "हे सगळं तुमच्यातल्याच कुणी तरी घेऊन जा, मला त्यातलं काही कळत नाही." मी गेले तर दिवाणावर अकरा अल्बम मांडून ठेवलेले. प्लास्टिकच्या पानांतल्या तांब्याच्या नाण्यांना हिरवा चिकट थर आला होता, पीव्हीसीची पानं वापरली की येतोच. पण प्रत्येक नाण्याखाली बारीक चिठ्ठी होती. कुठे घेतलं, किती रुपयांना, सोबत कोण होतं. "हिच्याबरोबर, नाशिक" अशाही चिठ्ठ्या होत्या. वहिनी त्या वाचत बसल्या होत्या.

अशा घरात मी आता पहिल्या दिवशी काहीही विकत घेत नाही. अगदी त्यांनी आग्रह केला तरी नाही. दुःखातला माणूस भाव करत नाही, सुटका करून घेत असतो. पहिल्या दिवशी फक्त यादी करायची. त्यांच्या घरातल्या एका माणसाला शेजारी बसवायचं, तो लिहील, आपण सांगायचं. प्रत्येक पानाचा फोटो त्यांच्याच फोनमध्ये काढायचा. यादीसमोर एकच आकडा न लिहिता 'इतके ते इतके' असं लिहायचं. सोनं-चांदी वेगळी काढून वजन करून ठेवायचं. मग सांगायचं, "ही यादी आणखी दोघांना दाखवा, त्यातला एक तरी आमच्या गटाबाहेरचा असू द्या, आणि महिनाभर कुणाला हो म्हणू नका." एवढं करून तुम्हाला एखादं नाणं हवंच असेल, तर सगळ्यांचे आकडे आल्यावर आपला सांगायचा. तिथे मी अजून एक गोष्ट केली. चिठ्ठ्या सगळ्या काढून एका पाकिटात घालून वहिनींना दिल्या. नाणी गेली, चिठ्ठ्या त्यांच्याकडे राहिल्या.

वही

शंभर पानी साधी वही पुरते. तारीख, कुणाकडून, किती रुपयांना, काय बोलणं झालं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक तोच ठेवत नाहीत. माझ्या वहीतली एक ओळ देते: "नेहरूंचा १९६४ चा रुपया, कोरा. बैठकीत. ८० रु. 'नातीसाठी ठेव' म्हणाले." पाच वर्षांनी भाव आठवतो, बोलणं आठवत नाही. आणि आठवलं तरी आपल्या सोयीचं आठवतं.

विकताना हिशोब कसा करायचा

ज्याने दिलं त्याला आधी विचारायचं. "मी हे काढतेय, परत हवं का? ज्या भावात दिलंत त्याच भावात." आठ दिवस थांबायचं. बहुतेक वेळा उत्तर येतं, "अगं, विक बिनधास्त." पण कधी कधी माणूस धावत येऊन घेऊन जातो, कारण तेव्हा अडचणीत दिलेलं असतं.

आता नफ्याचं. इथे मला एक भेद फार उपयोगी पडतो. वाढीव पैसा नाण्यात त्या दिवशीच होता, की नंतर आला? काकांच्या बाकीच्या एकवीस रुपयांचं मोल चांदीबरोबर पुढे वाढत गेलं. ती वाढ माझी आहे. मी पैसे अडकवले, लॉकरचं भाडं भरलं, चांदी पडली असती तर तोटाही मीच सोसला असता. काकांनाही ते तसंच वाटतं. पण त्या १९११ च्या रुपयातले जास्तीचे पैसे काकांच्या हातात असतानाच त्यात होते. मी काही केलं नव्हतं, फक्त गप्प राहिले होते. अशा वाढीत देणाऱ्याचा वाटा धरायचा.

किती? माझा वाटा कसा ठरला तेच सांगते. त्या बैठकीनंतर दोन रविवार मी गेलेच नाही. तिसऱ्या रविवारी सकाळी लवकर काकांच्या घरी गेले. एका कागदावर हिशोब लिहून नेला होता. खरेदी साडेचारशे, विक्री तीन हजार, वर राहिले दोन हजार पाचशे पन्नास. सगळे रोख नेले होते. पैशांपेक्षा पाकिटाचं वाईट वाटलं म्हणाले. मग कागद वाचला, नोटा मोजल्या, त्यातले बाराशे पंच्याहत्तर उचलले आणि उरलेले माझ्याकडे सरकवले. म्हणाले, "ओळखलंस तू. मला जन्मात कळलं नसतं. अर्धे तुझे."

तेव्हापासून मी अर्धं धरते. प्रदर्शनाचं टेबल, टपाल, लिलावाचं कमिशन असा खर्च वजा करून जे उरेल त्याचं अर्धं, आणि तेही वर्षा-दोन वर्षांत विकलं तर. दहा वर्षं सांभाळून विकलेल्या नाण्याचा हिशोब मी घेऊन जात नाही. नुसतं कळवते. आणि भेट म्हणून मिळालेलं नाणं विकत नाही. नको असेल तर परत करते, किंवा देणाऱ्याला विचारून गटातल्या नवीन मुलांपैकी कुणाला देते. यात अपवाद मी केलेला नाही.

पुढच्या घेणाऱ्याशीही खरं

देणाऱ्याशी प्रामाणिक आणि घेणाऱ्याशी मोघम, असं चालणार नाही. नाणं घासलं असेल तर सांगा. चिंचेने किंवा पितांबरीने तांबं लखलखीत करून विकणारे आहेत. त्या घासण्यात दीड-दोनशे वर्षांत चढलेला तपकिरी थर आणि अक्षरांच्या कडा दोन्ही जातात, आणि नवख्याला ते नाणं उलट छान वाटतं. ओतीव नकलांची शंका असेल तर भिंगाने पृष्ठभागावरची सुईच्या टोकाएवढी भोकं बघा, कडेवरून सांध्याची रेघ जाते का बघा, वजन करा. खात्री होत नसेल तर विकू नका. मित्राने खरं म्हणून दिलं होतं ही सबब पुढे करू नका. खोटं निघालं तर ते मित्राला शांतपणे दाखवा, बहुधा तोही फसलेला असतो. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल घातलेली राम-हनुमानाची 'नाणी' घरोघरी आहेत. कंपनीने अशी नाणी कधी पाडलीच नाहीत. देवघरात ठेवायला ती चांगली आहेत, पण प्राचीन म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक.

नवख्या माणसाने तुमच्याकडे नाणं घेताना "हे पुढे लाखात जाईल ना?" असं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून आधी 'कर' किंवा 'कमिशन' भरायला लावणाऱ्या टोळ्या रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने जाहीर पत्रक काढून सांगितलं की आम्ही असले व्यवहार करत नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी तरीही पैसे भरले. त्यांच्याकडे होतं काय, तर वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं.

कायद्याचं थोडक्यात

१९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात शंभर वर्षांपूर्वीचं नाणंही पुरावस्तू ठरतं. म्हणजे माझ्याकडचा १९१८ चा रुपया २०१८ साली पुरावस्तू झाला. अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याला मुलासाठी शिवराई हवी होती. मी पाठवली नाही. तो दिवाळीत आला तेव्हा माझ्याकडच्याच त्यांना हातात घेऊन बघू दिल्या. एखाददुसरं नाणं गटात देणं-घेणं वेगळं आणि दर महिन्याला ट्रे लावणं वेगळं. तुमचं दुसऱ्या प्रकारात जाऊ लागलं असेल तर परवान्याची चौकशी करा, आणि गटात उघड सांगा की मी आता विक्रेताही आहे.

"नांगरताना सापडलं" असं कुणी सांगितलं तर हात लावू नका. जमिनीत सापडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं काहीही असलं तरी १८७८ च्या निखात निधी कायद्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मडक्यातली नाणी एकत्र राहिली तर ती कुणी, कधी, का पुरली हे अभ्यासकांना काही तरी सांगता येतं. पाच जणांनी वाटून घेतली की ते कायमचं गेलं. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत एकदा जाऊन या, सुटं नाणं आणि ठेव्यातलं नाणं यांत काय फरक ते तिथे नीट कळतं.

त्या मुलाच्या शिवराईचं

त्याला मी सांगितलं, विक. ती दुदांडी होती, मला तिचा भाव माहीत होता, मी पूर्ण समजून दोनशेला दिली होती. तू विद्यार्थी आहेस म्हणून दिली होती हेही खरं, पण तशी काही अट मी घातली नव्हती. सहाशे मात्र जास्त आहेत. मागणाऱ्याला ती जुनी घडण वाटत असेल तर आधी त्याला दोन रेघा दाखव, मग पैसे घे. त्याने दाखवल्या. सौदा साडेतीनशेला झाला. दुसऱ्या दिवशी त्याने मला पंच्याहत्तर रुपये पाठवले, ते मी परत केले आणि त्याला वहीची सवय लावायला सांगितलं.

काकांच्या डोळ्यांना आता मोतीबिंदू आहे, ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय. शिवराई नाण्यांची वर्गवारी त्यांना एकट्याने जमत नाही, म्हणून दर गुरुवारी दुपारी मी जाते. ते हातात घेऊन अंगठ्याने अक्षरं चाचपतात, मी वाचते, त्यांची सून लॅपटॉपवर नोंद करते. दोनशे चौदा झाल्या, अजून एक डबा बाकी आहे. गेल्या गुरुवारी 'सिव' लिहिलेली एक निघाली, छत्रपतीची अक्षरं पूर्ण, कडेला एकच छोटी खोक. गेली पंधरा वर्षं मला तशी हवी आहे. काका म्हणाले, "ही तू घे गं." सुनेने नोंदीत माझं नाव लिहायला घेतलं होतं, मी तिला थांबवलं. तिचे फोटो दोन जणांना पाठवले आहेत, एक आमच्यातले आणि एक कोल्हापूरचे. त्यांचे आकडे आले की मग मी माझा सांगेन.